असिंक ॲपमध्ये टोकनची तपासणी: कुठे थांबायचं आणि कुठे अजिबात नाही

समजा वाशीच्या एपीएमसीतल्या भाजीपाला मार्केटसाठी एक ॲप आहे. गाडी गेटवर आली की नोंद, माल गाळ्यावर उतरला की नोंद, भाव हलला की व्यापाऱ्यांच्या फोनवर लगेच नवा आकडा. गाड्या रात्रभर येतात आणि खरी गर्दी पहाटेच्या अंधारात असते, म्हणजे ऐरोली-महापेतलं ऑफिस रिकामं असताना. सर्व्हर फास्टएपीआय या पायथनच्या असिंक फ्रेमवर्कवर आहे. एका प्रोसेसमध्ये एकच इव्हेंट लूप, म्हणजे सगळी कामं आळीपाळीने पुढे नेणारं एकच चक्र, आणि त्याच्यावर एकाच वेळी शेकडो रिक्वेस्ट. प्रत्येक रिक्वेस्टबरोबर एक जेडब्ल्यूटी टोकन, म्हणजे लॉगिन सर्व्हरने सही करून दिलेलं ओळखपत्र, येतं. ते खरं आहे का, आपल्याच ॲपसाठी आहे का, त्याची मुदत उरली आहे का, हे दर वेळी बघावं लागतं.

साध्या सिंक्रोनस ॲपमध्ये ही तपासणी रेंगाळली तर बहुतेक वेळा त्या एका रिक्वेस्टचं अडतं. असिंकमध्ये तसं नाही. एक जण सही पडताळायच्या किल्लीची वाट बघत लूप अडवून बसला, की गेटवरच्या प्रत्येक फोनवर नुसतं चक्र फिरत राहतं. खालची पद्धत हे डोळ्यासमोर ठेवून मांडली आहे. उदाहरणं पायथनची आहेत. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, जिथे वेगळं घडतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी कामाचे दोन तुकडे करा

टोकन तपासण्यात दोन कामं एकमेकांत मिसळलेली असतात. एक म्हणजे सही आणि क्लेम (टोकनमध्ये लिहिलेली माहिती: कोण, कोणासाठी, कधीपर्यंत) तपासणं. हे निव्वळ गणित आहे. २०४८ बिटच्या आरएसए किल्लीने सही पडताळायला आजच्या साध्या सर्व्हरवर काही दहा मायक्रोसेकंद लागतात, कारण पब्लिक घातांक सहसा ६५५३७ इतका लहान असतो. दुसरं काम म्हणजे ती पब्लिक किल्ली लॉगिन सर्व्हरकडून आणणं. हे नेटवर्कचं काम. चांगल्या दिवशी काही मिलिसेकंद, वाईट दिवशी कित्येक सेकंद.

ही दोन कामं वेगळ्या फंक्शनांत ठेवा. तपासणीचं फंक्शन साधं डेफ असू द्या: आत टोकन आणि किल्ली, बाहेर क्लेमची डिक्शनरी किंवा एक्सेप्शन. त्यात नेटवर्क नाही, डेटाबेस नाही, अवेट (उत्तर येईपर्यंत लूप दुसऱ्या कामाला सोडणं) नाही. किल्ली आणणारं फंक्शन असिंक डेफ: आत केआयडी (किल्लीची खूण), बाहेर किल्ली. फास्टएपीआयची डिपेंडन्सी (एंडपॉइंटच्या आधी आपोआप चालणारं फंक्शन) या दोघांना जोडते, आणि ती स्वतः असिंक डेफच असावी. डिपेंडन्सी साधी डेफ लिहिली तर फास्टएपीआय ती थ्रेडपूलमध्ये पाठवतं. तिथे मुळात ४० थ्रेडची मर्यादा असते आणि त्याच थ्रेडवर तुमची बाकीची सिंक एंडपॉइंट्सही चालतात. काही मायक्रोसेकंदांच्या गणितासाठी त्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. टोकनची सही पडताळणं थ्रेडमध्ये हलवू नका. पासवर्डचा बीक्रिप्ट किंवा आर्गॉन हॅश मात्र जरूर हलवा, कारण तो मुद्दाम संथ बनवलेला असतो.

तुकडे करण्याचं दुसरं कारण वेगापेक्षा मोठं आहे. असिंक कोडमधली सर्वांत घातक चूक म्हणजे विसरलेला अवेट. तपासणीचं फंक्शन असिंक आहे, ते खरं-खोटं परत करतं आणि कोणीतरी त्याला अवेटशिवाय इफमध्ये टाकलं, तर इफला उत्तर मिळतच नाही, कोरूटीन ऑब्जेक्ट, म्हणजे अजून न चाललेलं काम, मिळतो. पायथनमध्ये असा ऑब्जेक्ट नेहमी खरा धरला जातो. म्हणजे खोटं टोकन, मुदत संपलेलं टोकन, चहाच्या टपरीचं नाव लिहिलेलं टोकन, सगळी आत. लॉगमध्ये कोरूटीन अवेट झाली नाही अशी एक वॉर्निंग पडते. रिक्वेस्ट मात्र २०० घेऊन परत जाते. नोडमध्ये प्रॉमिसचंही (पुढे येणाऱ्या उत्तराच्या ऑब्जेक्टचंही) तसंच. वर तिथे ट्राय-कॅचमध्ये अवेट न करता फंक्शन बोलावलं तर नाकारलेलं प्रॉमिस कॅचमध्ये सापडत नाही.

म्हणून तपासणीच्या फंक्शनाने कधीही खरं-खोटं परत करू नये. क्लेम परत करावेत, आणि पुढच्या कोडने वापरकर्त्याची ओळख त्याच क्लेममधून काढावी. मग अवेट विसरला तरी पुढच्याच ओळीत कोरूटीनमधून एसयूबी (वापरकर्ता कोण, तो क्लेम) काढायचा प्रयत्न होतो, टाइपएरर येतो आणि दार बंदच राहतं. चुकीचा कोड जोरात पडावा असं त्याचं रूप ठेवायचं. टाइपस्क्रिप्टमध्ये ईएसलिंटचे नो फ्लोटिंग प्रॉमिसेस आणि नो मिसयूज्ड प्रॉमिसेस हे दोन नियम चालू करा. नोडच्या फ्रेमवर्कपैकी एक्स्प्रेस ४ असिंक मिडलवेअरमधली (रिक्वेस्टच्या वाटेवरच्या फंक्शनमधली) नाकारलेली प्रॉमिस स्वतः पकडत नाही, एक्स्प्रेस ५ पकडून एरर हँडलरकडे देतं; जुन्या आवृत्तीवर असाल तर प्रत्येक असिंक मिडलवेअरला स्वतःचा कॅच हवा.

टोकनमध्ये काय बघायचं, कोणत्या क्रमाने

ऑथोरायझेशन हेडर घ्या, पहिल्या मोकळ्या जागेवर एकदाच तोडा. पहिला शब्द बेअरर आहे का ते लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता बघा. उरलेल्या मजकुराची लांबी डीकोड करण्याआधीच मोजा. ८ केबीपेक्षा मोठं टोकन परत पाठवायला हरकत नाही. एन्जिनएक्सही मुळात एका हेडर ओळीला ८ केबीच्या वर जाऊ देत नाही.

मग टोकनचं हेडर सही न पडताळता वाचायचं, पण त्यातून एकच गोष्ट घ्यायची: केआयडी, म्हणजे कोणत्या किल्लीने सही केली ते. अल्गोरिदम टोकनला विचारायचा नाही. तो तुमच्या सेटिंगमध्ये लिहिलेला असला पाहिजे, उदाहरणार्थ फक्त आरएस२५६. २०१५ मध्ये अनेक लायब्रऱ्यांत दोन भोकं उघडकीला आली. एकात टोकनने अल्गोरिदम नन असं सांगितलं की सही न बघताच ते मान्य व्हायचं. दुसऱ्यात टोकन एचएस२५६ म्हणायचं आणि लायब्ररी पब्लिक किल्लीलाच गुपित समजून एचमॅक (सामायिक गुपिताने केलेली सही) पडताळायची. पब्लिक किल्ली तर जगाला माहीत असते, त्यामुळे कोणीही सही करू शकायचं. पायथनच्या पायजेडब्ल्यूटी लायब्ररीच्या २.० आवृत्तीपासून डीकोडला अल्गोरिदमची यादी देणं सक्तीचं आहे ते याचमुळे. त्या यादीत एचएस आणि आरएस दोन्ही एकत्र कधीच ठेवू नका. आणि लायब्ररी जुनी ठेवू नका: अल्गोरिदमच्या गोंधळाची एक वाट २.४.० मध्ये बुजवली गेली, आणि २.१०.० मध्ये आयएसएसची (टोकन कोणी दिलं त्या क्लेमची) तुलना अर्धवट जुळली तरी मान्य होत होती, ती २.१०.१ मध्ये दुरुस्त झाली.

टोकनच्या हेडरमध्ये जेकेयू किंवा एक्स५यू नावाने किल्लीचा पत्ता दिलेला असू शकतो. त्या पत्त्यावर कधीही जायचं नाही. टोकन बनवणाराच पत्ता देणार आणि आपण तिथली किल्ली आणणार, म्हणजे चोराला कुलूप निवडायला सांगण्यासारखं आहे. केआयडी हीसुद्धा बाहेरून आलेली स्ट्रिंग आहे; ती फाइलच्या नावात किंवा एसक्यूएलमध्ये घालू नका, फक्त डिक्शनरीत शोधा.

सही जुळली की क्लेम. आयएसएस अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, शेवटच्या तिरक्या रेघेसकट. नव्याने जोडणी करताना सगळं नाकारलं जात असेल तर आधी ती रेघ बघा. एयूडी म्हणजे हे टोकन कोणासाठी काढलं आहे ते. ठाणे-वाशीचा पास अस्सल आणि चालू तारखेचा असला तरी त्यावर कल्याणला जाता येत नाही, तसंच हिशेबाच्या सेवेसाठी काढलेलं टोकन भावांच्या सेवेत चालता कामा नये. कीक्लोक हा लॉगिन सर्व्हर वापरणाऱ्यांचं इथे हमखास अडतं, कारण वेगळं काही केलं नाही तर ॲक्सेस टोकनच्या एयूडीमध्ये अकाउंट एवढंच आढळतं. अशा वेळी एयूडीची तपासणी बंद करून टाकण्याचा मोह होतो. तसं न करता कीक्लोकमध्ये ऑडियन्स मॅपर जोडून आपल्या सेवेचं नाव त्यात आणा.

पायजेडब्ल्यूटीची एक सवय लक्षात ठेवा: ईएक्सपी (मुदत संपण्याची वेळ) असेल तर तो तपासला जातो, पण टोकनमध्ये ईएक्सपीच नसेल तर मुळात तक्रार होत नाही. म्हणून ऑप्शन्समध्ये रिक्वायर ही यादी द्या आणि त्यात ईएक्सपी, आयएटी (टोकन काढल्याची वेळ), आयएसएस, एयूडी, एसयूबी हे पाचही लिहा. लॉगिन सर्व्हर आरएफसी ९०६८ पाळत असेल तर हेडरमधला टीवायपी एटी प्लस जेडब्ल्यूटी आहे हेही बघा. त्यामुळे आयडी टोकन ॲक्सेस टोकन म्हणून खपवता येत नाही. आणि डीकोड या नावाने फसू नका. नोडच्या जेसनवेबटोकनमध्ये डीकोड फक्त उलगडून दाखवतं, सही बघत नाही. तिथे व्हेरिफाय लागतं.

साडेपाच तासांचा घोळ

ऐरोलीतल्या लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर असतं, क्लाउडवरचा कंटेनर बहुधा यूटीसीवर. टोकनमधल्या वेळा १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद असतात. टेस्टसाठी किंवा आपल्याच सेवेसाठी टोकन बनवताना डेटटाइमचं यूटीसीनाऊ घेऊन त्यावर टाइमस्टॅम्प बोलावला, तर पायथन ती वेळ स्थानिक समजतं आणि आकडा १९,८०० सेकंदांनी मागे पडतो. पंधरा मिनिटांचं टोकन जन्मतःच मुदत संपलेलं निघतं. उलट, नुसतं नाऊ घेऊन तो डेटटाइम पायजेडब्ल्यूटीला ईएक्सपी म्हणून दिला, तर लायब्ररी त्याला यूटीसी मानते आणि पंधरा मिनिटांचं टोकन पावणेसहा तास जगतं. सर्व्हरवर दोन्ही चुका दिसत नाहीत, कारण तिथे स्थानिक वेळ आणि यूटीसी एकच. उपाय एकच: नाऊला टाइमझोन यूटीसी द्या. यूटीसीनाऊ तर पायथन ३.१२ पासून वापरू नये असंच अधिकृतपणे सांगितलं आहे.

जावास्क्रिप्टमध्ये डेट नाऊ मिलिसेकंद देतं. हजाराने भागायचं राहिलं तर ईएक्सपी पन्नास हजारांहून जास्त वर्षं पुढे जातो आणि तपासणी खुशाल पास होते. म्हणून ईएक्सपी आणि आयएटी यांच्यातलं अंतर तुमच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाही, हीही एक तपासणी ठेवा.

दोन मशीनच्या घड्याळांतल्या फरकासाठी लीवे (मुदतीत दिलेली सूट) ३० ते ६० सेकंद पुरतो. पाच मिनिटांचा लीवे लावून प्रश्न सुटत असेल, तर प्रश्न घड्याळाचा आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, जुळवायची असतातच. ते नीट केलं की हा प्रश्नही मिटतो.

किल्ल्या आणणं: खरी अडचण इथे आहे

लॉगिन सर्व्हर आपल्या पब्लिक किल्ल्या जेडब्ल्यूकेएस नावाच्या एका जेसन फाइलमध्ये देतो. पायजेडब्ल्यूटीबरोबर येणारा पायजेडब्ल्यूके क्लायंट ती आणतो, पाच मिनिटं कॅशही करतो. पण तो आतून साध्या यूआरएललिबने आणतो, म्हणजे सिंक्रोनस, आणि मुळातला टाइमआउट ३० सेकंदांचा. असिंक डेफमध्ये तो थेट बोलावला की कॅश ताजी असेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. दर पाच मिनिटांनी लूप क्षणभर अडतो, तेही कळत नाही. ज्या पहाटे लॉगिन सर्व्हर संथ होतो त्या पहाटे सगळं ॲप गोठतं, हेल्थ चेकही. मग ऑर्केस्ट्रेटर (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) कंटेनर मारतो, नवा कंटेनर रिकाम्या कॅशने उठतो आणि पुन्हा तिथेच अडकतो.

तात्पुरता उपाय म्हणून हा कॉल असिंकआयओच्या टू थ्रेडमधून करता येतो. पण तो पूल म्हणजे सीपीयूची संख्या अधिक चार एवढेच थ्रेड, जास्तीत जास्त ३२. दोन कोअरच्या मशीनवर सहा. सहा जण वाट बघत बसले की सातवा रांगेत. त्यामुळे नीट उपाय करा.

एचटीटीपीएक्सचा एक असिंकक्लायंट ॲप सुरू होताना बनवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. दर वेळी नवा बनवला तर दर वेळी नवा टीएलएस हँडशेक होतो. टाइमआउट ३ सेकंद ठेवा. सर्व्हर रिक्वेस्ट घ्यायला लागण्याआधीच, लाइफस्पॅनमध्ये, किल्ल्या एकदा आणा. त्यानंतर एक बॅकग्राउंड टास्क दर पाच मिनिटांनी त्या ताज्या करत राहील. रिक्वेस्टच्या वाटेवर मग फक्त डिक्शनरी वाचायची, थांबायचं काहीच नाही.

या टास्कच्या बाबतीत तीन ठिकाणी घसरायला होतं. टास्कचा ऑब्जेक्ट एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. लूप स्वतः त्याला सैलच धरतो आणि गार्बेज कलेक्टर त्याला मध्येच उचलू शकतो. आणण्यात आलेला एक्सेप्शन लूपच्या आत पकडून लॉग करा, नाहीतर पहिल्याच अपयशाला टास्क गुपचूप मरतो आणि किल्ली बदलेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. आणि जुनी डिक्शनरी रिकामी करून मग भरू नका. रिकामी केल्यावर पुढच्या अवेटला लूप दुसऱ्या रिक्वेस्टकडे जातो, आणि त्या क्षणी आलेलं प्रत्येक टोकन नाकारलं जातं. नवी डिक्शनरी पूर्ण तयार करा आणि एका ओळीत जुन्याच्या जागी ठेवा. आणता आल्या नाहीत तर जुन्या किल्ल्या वापरत राहा. काही तासांची मर्यादा घाला, पण एका चुकलेल्या फेरीसाठी त्या टाकून देऊ नका.

आता उरला अनोळखी केआयडी. लॉगिन सर्व्हरने किल्ली बदलली असेल तर पाच मिनिटं थांबायला लावणं बरोबर नाही, लगेच आणायला हवी. पण हल्लेखोरही प्रत्येक रिक्वेस्टमध्ये नवा बनावट केआयडी पाठवू शकतो, आणि दर वेळी आपण आणायला धावलो तर आपणच लॉगिन सर्व्हरवर हल्ला केल्यासारखं होईल. म्हणून दोन बंधनं. एक असिंकआयओ लॉक, म्हणजे एका वेळी एकच जण आणेल. लॉक मिळाल्यावर आधी डिक्शनरी पुन्हा बघायची, कारण रांगेत उभं असताना पुढच्याने किल्ली आणलेली असू शकते. आणि मागच्या प्रयत्नापासून किमान ३० सेकंद झाल्याशिवाय पुन्हा जायचं नाही. नोडच्या जोसे लायब्ररीतल्या रिमोट जेडब्ल्यूके सेटमध्ये हा ३० सेकंदांचा विराम आणि ५ सेकंदांचा टाइमआउट आयताच मिळतो; तिथे स्वतः काही लिहू नका.

मागचा प्रयत्न म्हणजे मागचा यशस्वी प्रयत्न नव्हे. इथे फार जण चुकतात. वेळ फक्त यश मिळाल्यावर नोंदवली आणि लॉगिन सर्व्हर बंद पडला, तर लॉकच्या रांगेतले २०० जण एकेक करून आत जातात, प्रत्येक जण ३ सेकंद थांबून हात हलवत परत येतो, आणि शेवटच्याला उत्तर मिळायला ६०० सेकंद लागतात. प्रयत्न सुरू करतानाच वेळ नोंदवा. मग पहिल्याचं अपयश मागच्यांना लगेच कळतं.

लॉक असिंकआयओचाच हवा. थ्रेडिंगचा लॉक हातात धरून अवेट केलं, तर लूप दुसऱ्या कोरूटीनकडे जातो, ती तोच लॉक मागत थ्रेडच अडवते आणि पहिली कोरूटीन कधीच पुढे सरकत नाही. लॉक नेहमी असिंक विथने घ्या, म्हणजे आणता आणता ती रिक्वेस्ट रद्द झाली तरी तो सुटतो. चार वर्कर प्रोसेस असतील तर चार कॅश असतील आणि चार वेळा किल्ल्या येतील. एवढ्यासाठी रेडिसमध्ये (मेमरीतल्या डेटाबेसमध्ये) सामायिक कॅश बांधायची गरज नाही.

लॉगिन सर्व्हर तुमच्याच हातात असेल तर किल्ली बदलण्याचा क्रमही पाळा: नवी किल्ली आधी जेडब्ल्यूकेएसमध्ये टाका, कॅशच्या मुदतीपेक्षा जास्त वेळ जाऊ द्या, मग तिने सही करायला लागा. जुनी किल्ली लगेच काढू नका. तिने सही केलेल्या शेवटच्या टोकनची मुदत आणि लीवे संपेपर्यंत ती तिथे राहू द्या.

ओळख ठेवायची कुठे

टोकनमधून निघालेला वापरकर्ता मॉड्यूलच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. एका रिक्वेस्टने तो लिहिला, डेटाबेससाठी अवेट केलं, तेवढ्यात दुसऱ्या रिक्वेस्टने त्यावर आपला लिहिला. पहिली परत आली तेव्हा तिच्या हातात दुसऱ्या गाळ्याचा मालक. ही चूक एका माणसाने केलेल्या टेस्टमध्ये कधीच दिसत नाही. क्लेम फंक्शनच्या आर्ग्युमेंटमधून पुढे द्या. फारच खोलवर लागत असेल तर कॉन्टेक्स्टव्हार्स, नोडमध्ये असिंकलोकलस्टोरेज.

वेबसॉकेट

भाव पाठवणारं वेबसॉकेट, म्हणजे सर्व्हर आणि फोनमधली सतत उघडी जोडणी, हा वेगळाच प्रांत आहे, आणि तिथली पहिली गोष्ट अनेकांना माहीत नसते. स्टारलेटचं बेसएचटीटीपीमिडलवेअर, म्हणजेच फास्टएपीआयचं एचटीटीपी मिडलवेअर, वेबसॉकेटच्या जोडणीवर चालतच नाही. टोकनची तपासणी तिथे ठेवली असेल तर तुमचं वेबसॉकेट उघडं आहे. आजच तपासा. तपासणी डिपेंडन्सीमध्ये ठेवून ती वेबसॉकेट रूटलाही लावा. मिडलवेअरचा आणखी एक तोटा: ब्राउझरची ऑप्शन्स प्रीफ्लाइट (खऱ्या रिक्वेस्टआधी परवानगी विचारणारी) रिक्वेस्ट टोकन घेऊन येत नाही, तिलाही ४०१ मिळून सगळा फ्रंटएंड बंद पडतो.

ब्राउझरमधून वेबसॉकेट उघडताना ऑथोरायझेशन हेडर लावता येत नाही. म्हणून टोकन यूआरएलमध्ये टाकलं जातं आणि तिथून प्रत्येक प्रॉक्सीच्या लॉगमध्ये जातं. त्यापेक्षा साध्या एचटीटीपी कॉलने, टोकन दाखवून, एक तिकीट घ्या: ३२ बाइटची यादृच्छिक स्ट्रिंग, ३० सेकंदांची मुदत, एकदाच चालणारी. ते रेडिसमध्ये ठेवा आणि जोडणीच्या वेळी गेटडेल या एकाच आज्ञेने वाचून पुसा. ती रेडिस ६.२ पासून आहे. आधी गेट आणि मग डेल असं वेगळं केलंत तर दोन अवेटांच्या मधल्या फटीत एकाच तिकिटावर दोघं आत येतात. कुकीवर ओळख ठेवत असाल तर ओरिजिन हेडर तपासणं सक्तीचं समजा.

जोडणी झाल्यावरही टोकनची मुदत संपते, पण सॉकेटला ते आपोआप कळत नाही. तीन वाजता पंधरा मिनिटांच्या टोकनावर उघडलेलं सॉकेट सकाळी नऊला अजून भाव देत असेल, तर तुमची पंधरा मिनिटं कागदावरच राहिली. जोडणीच्या वेळी ईएक्सपीमधून आताची वेळ वजा करा, तेवढ्या सेकंदांचा टायमर लावा, आणि संपला की सॉकेट ४००० ते ४९९९ मधला तुमचा ठरलेला कोड देऊन बंद करा. फोनवरचं ॲप तो कोड बघून नवं तिकीट घेईल. पुन्हा जोडताना प्रत्येक फोनने ० ते १० सेकंदांत कधीतरी जोडावं असा यादृच्छिक विलंब ठेवा. सर्व्हर रिस्टार्ट झाल्यावर अख्खं मार्केट एकाच सेकंदाला दारात येऊ नये.

रद्द केलेली टोकनं

जेडब्ल्यूटी मुदतीआधी मरत नाही. म्हणून मुदत ५ ते १५ मिनिटांची ठेवा. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. काही कामांना मात्र ताबडतोब बंदी लागते, जसं गाळेधारकाचं बँक खातं बदलणं. तेवढ्याच एंडपॉइंटवर रेडिसमध्ये जेटीआय (टोकनची स्वतःची खूण) रद्द यादीत आहे का ते बघा, रेडिसच्या असिंक क्लायंटनेच. यादीतल्या नोंदीची मुदत म्हणजे टोकनची उरलेली मुदत अधिक लीवे. लीवे विसरलात तर नोंद पुसली गेल्यावर रद्द केलेलं टोकन लीवेच्या त्या शेवटच्या ६० सेकंदांत पुन्हा जिवंत होतं. रेडिस बंद असेल तर काय करायचं हे आधीच ठरवून कोडमध्ये लिहा: पैशाच्या कामाला नकार, भाव बघायला परवानगी.

कोणतं उत्तर द्यायचं, काय लिहून ठेवायचं

टोकन नाही किंवा बिघडलेलं आहे: ४०१, सोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर. टोकन चांगलं आहे पण परवानगी नाही: ४०३. फास्टएपीआयच्या जुन्या आवृत्त्यांत एचटीटीपीबेअरर हेडर नसतानाही ४०३ देतं, तेवढं बदलून घ्या. आपल्याकडे एकही किल्ली नाही कारण लॉगिन सर्व्हर मिळत नाही: ५०३. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ४०१ दिसताच फोनवरचं ॲप वापरकर्त्याला लॉगआउट करतं. आपल्या नेटवर्कच्या अडचणीपायी पहाटे चारला हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना पुन्हा ओटीपी मागू नका.

लॉगमध्ये टोकन कधीच लिहू नका, अर्धंसुद्धा नाही. जेटीआय, एसयूबी, आयएसएस, नाकारण्याचं कारण, एवढं पुरे. केआयडी लिहायचा तर लांबी कापून आणि नवी ओळ काढून, कारण तो बाहेरून आलेला आहे. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. एवढा काळ पडून राहणाऱ्या फाइलमध्ये चालू टोकनं नकोत.

टेस्ट

टेस्टमध्येच एक आरएसए जोडी बनवा आणि तिच्यावर बिघडलेली टोकनं काढा: मुदत संपलेलं, ईएक्सपी नसलेलं, दुसऱ्या एयूडीचं, आयएसएसला एक तिरकी रेघ जास्त असलेलं, अल्गोरिदम नन, पब्लिक किल्लीनेच एचएस२५६ सही केलेलं, ओळखीचाच केआयडी पण दुसऱ्या किल्लीची सही, आणि मधला एक बाइट बदललेलं. प्रत्येकाला ४०१ यायलाच हवं. ही यादी एचटीटीपी आणि वेबसॉकेट दोन्हींवर चालवा. तीच टेस्ट एकदा टाइमझोन एशिया-कोलकाता ठेवून आणि एकदा यूटीसी ठेवून चालवली की साडेपाच तासांचा घोळ सीआयमध्येच (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) पकडला जातो.

असिंकसाठी आणखी तीन. पहिली: नव्या किल्लीचा केआयडी असलेल्या २०० रिक्वेस्ट गॅदरने एकदम सोडा आणि नकली जेडब्ल्यूकेएस सर्व्हरवर किती कॉल आले ते मोजा; आकडा १ असला पाहिजे. दुसरी: तो नकली सर्व्हर दोन सेकंद उशिरा उत्तर देईल असं करा आणि तेवढ्या वेळात हेल्थ चेक मारा, तो काही मिलिसेकंदांत परत आला नाही तर कुठेतरी सिंक्रोनस कॉल दडला आहे. तो शोधायला असिंकआयओचा डीबग मोड चालू करा. १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप अडवणारी प्रत्येक कॉलबॅक तो नावासकट लॉग करतो. तिसरी: किल्ल्यांची डिक्शनरी रिकामी ठेवून, नकली सर्व्हर पूर्ण बंद करून त्याच २०० रिक्वेस्ट पुन्हा सोडा. सगळ्यांना ५०३ मिळायला एका टाइमआउटपेक्षा, म्हणजे ३ सेकंदांपेक्षा फारसा जास्त वेळ लागता कामा नये. लागला, तर प्रयत्नाची वेळ कुठे नोंदवता ती ओळ पुन्हा बघा.